विचारलंत म्हणून सांगते

ओमानमधल्या निझवा शहरात मार्था नावाची एक मराठी नर्स राहत होती. गाव नगर जिल्ह्यातलं, शिक्षण मिरजेच्या वानलेस हॉस्पिटलातलं, नोकरी निझव्याच्या सरकारी इस्पितळात. नवरा गावाकडे शेती बघायचा, मुलगी दहावीला होती, आणि घरावरचं कर्ज फिटायला अजून अवकाश होता. आखातात गेलेल्या हजारो बायकांची असते तशीच तिची गोष्ट. पण एका बकरी ईदला तिच्यापुढे असा पेच उभा राहिला, की तो सोडवायला नुसती श्रद्धा असून भागत नाही, धीरही लागतो.

निझवा म्हणजे ओमानच्या आतल्या मुलखातली जुनी राजधानी. सतराव्या शतकातला प्रचंड गोल बुरुजाचा किल्ला, भोवती खजुरीच्या बागा, त्या बागांना पाणी देणारे फलज नावाचे पाट, आणि मागे जबल अखदरचा उघडा डोंगर. इबादी पंथाच्या इमामांची गादी इथे होती. लोक धर्मनिष्ठ, पण परक्याला त्याची उपासना करू देणारे. मस्कतच्या रुवी भागात चर्चसाठी जमीन दिली ती सुलतान काबूस यांनीच. कायदा मात्र स्पष्ट आहे: ठरवून दिलेल्या आवारात खुशाल प्रार्थना करा, बाहेर धर्मप्रसार करायचा नाही. तिकडे सुट्टी शुक्रवारची, म्हणून आपली रविवारची उपासनाही शुक्रवारीच. मार्थाला शुक्रवारी ड्यूटी नसली की ती पहाटेची बस धरून दीडशेएक किलोमीटरवरच्या रुवीला जायची आणि रात्री परतायची.

ती राहायची उम्म सालिमच्या घरामागच्या खोलीत. अंगण एकच. उम्म सालिम सत्तरीची विधवा, मोठ्या घराची मालकीण. मुलगा सालिम शाळेत शिक्षक, सून बद्रिया, आणि नात रहमा नववीत. म्हातारीला साखरेचा आजार जुना. रोज संध्याकाळी मार्था तिच्या बोटाला सुई टोचून साखर बघायची, आकडा वहीत लिहायची, आणि बदल्यात छोट्या पेल्यातला वेलदोड्याचा काहवा व दोन खजूर मिळायचे. मार्था तिला खाला म्हणायची, आणि ती मार्थाला बेटी.

त्या वर्षी ईदच्या आधीच्या शुक्रवारी रुवीत उपासना संपल्यावर मंडळीतल्या एका ताईंनी मार्थाला बाजूला घेतलं. ताई भल्या बाई. स्वतःच्या पगारातून त्यांनी खजुराच्या मिठाईचे डबे घेतले होते आणि प्रत्येक डब्यात तळाशी, कागदाखाली, अरबी शुभवर्तमानाचं पत्रक घातलं होतं. ईदची भेट म्हणून शेजारी द्यायचे. मिठाई संपली की पत्रक हाती लागेल, आणि कुणी दिलं हे विचारायची वेळच येणार नाही.

"इतकी वर्षं तू त्या घरात राहतेस," ताई म्हणाल्या, "एकदा तरी साक्ष दिलीस का?"

प्रश्न खरा होता आणि तो मार्थाला लागला. तिनं डबा घेतला नाही, पण बसमध्ये बसल्यावर तिला शांत वाटेना. आपण नाही म्हणालो ते कशामुळे? नोकरी जाईल, देशाबाहेर काढतील, कर्ज तसंच राहील, या भीतीनं? भीती होतीच. ती नाकारण्यात अर्थ नव्हता. पण भीतीच्या खाली आणखी काहीतरी होतं, आणि ते नगर जिल्ह्यातलं होतं.

तिच्या पणजोबांचा बाप्तिस्मा दुष्काळाच्या काळातला. 1876 ते 1878 च्या त्या दुष्काळात दख्खनची गावं ओस पडली. मिशनऱ्यांनी माणसं जगवली, आणि त्याच काळात व त्यानंतर नगर भागात गावकुसाबाहेरच्या कित्येक कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पणजोबांनी तो का स्वीकारला हे घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जाई: पाटलाच्या वाड्याबाहेर उभं राहणाऱ्या माणसाला कुणीतरी पहिल्यांदा शेजारी बसवून देवाचं नाव सांगितलं, म्हणून. पण गावानं ते कधी मानलं नाही. गाव म्हणालं, ज्वारीसाठी बाटले. मार्थाच्या आजीनं पाणवठ्यावर हे ऐकलं, आईनं शाळेत ऐकलं. आई रेव्हरंड टिळकांची भजनं टाळ धरून म्हणायची, गावातल्या माळकऱ्यांनीही थांबून ऐकावं अशा आवाजात. तरी कधी भांडण झालं की तेच एक वाक्य बाहेर यायचं. पणजोबांच्या मनात त्या दिवशी काय होतं हे सिद्ध करायला कुणाकडे काहीच नव्हतं, कारण देवाचं नाव आणि ज्वारी एकाच हातानं दिली गेली होती.

ज्यांनी ती ज्वारी दिली त्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. उपाशी माणसाला धान्य देणं हे देवाचंच काम. पण श्रद्धेला दुसरी कुठलीही चांगली वस्तू चिकटली की घेणाऱ्याच्या सचोटीवर शंभर वर्षं शंका घेतली जाते, हे ज्या घरानं भोगलंय त्या घरातल्या मुलीला मिठाईच्या तळाशी पत्रक ठेववत नाही, हेही तितकंच खरं.

ईदचा आदला दिवस अराफतचा. साखर असूनही उम्म सालिमनं रोजा धरला होता, कुणाचं न ऐकता. संध्याकाळी रोजा सुटला आणि बायका मेंदी घेऊन बसल्या. ओमानात ईदला हात रंगतात तसे पायही रंगतात. रहमानं आजीचे दोन्ही तळहात रंगवले, मग उजवा पाय. डावा पाय पुढे येईना. म्हातारीनं तो झग्याखाली ओढून घेतला आणि म्हणाली, "पुरे, आता माझं वय झालं."

मार्था शेजारीच बसली होती. मेंदीच्या वासातून तिला दुसरा वास आला. वॉर्डात काम केलेल्या माणसाला तो ओळखायला शिकवावं लागत नाही. तिनं बायका उठेपर्यंत वाट पाहिली, मग दार लोटून घेतलं आणि खाली वाकून तो पाय मांडीवर घेतला. मोजा काढला. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामध्ये जखम होती. वर मध आणि कसलासा पाला चोपडलेला. कडेला गोल डागाची खूण, म्हणजे गावातल्या वैदूकडून डागूनही घेतलं होतं. बोटाचं टोक काळं पडलं होतं. मार्थानं तळव्यावर बोट दाबलं.

"दुखतं?"

"मुळीच नाही. म्हणूनच सांगते, काही झालेलं नाही."

न दुखणं हीच खरी वाईट खूण होती. साखरेनं पायातल्या नसा मरतात, मग खडा रुतला तरी कळत नाही, जखम चिघळते आणि आतलं हाड नासू लागतं. मार्थानं हे सगळं तिला तिच्या मोडक्या, वॉर्डात शिकलेल्या अरबीत समजावलं. लगेच इस्पितळात जाऊ, नासलेलं काढून टाकू, पाय वाचेल. उशीर झाला तर घोट्यापासून जाईल, कदाचित गुडघ्यापासून.

उम्म सालिमनं मोजा पुन्हा चढवला. "ईद झाल्यावर बघू. आणि सालिमला सांगायचं नाही. शपथ घे."

"शपथ घेणार नाही, खाला. ईदचा तिसरा दिवस झाला की मी त्यांना सांगणार. आत्ता तुमच्या तोंडावरच सांगून ठेवते."

म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. मग मेंदीचे ओले हात सावरत तिनं जे बोलायचं होतं ते बोलून टाकलं. गेली कित्येक वर्षं ती हे अधूनमधून सुचवत आली होती. त्या दिवशी सरळ बोलली. "बेटी, तुझ्यात काही कमी नाही. तू खोटं बोलत नाहीस, पीत नाहीस, माझ्या मुलीनं करावं तसं माझं करतेस. एकच गोष्ट राहिली आहे. मी नमाजात तुझ्यासाठी रडते. तू शहादा म्हण, मुसलमान हो, आपल्या घरची हो. तू माझं ऐक, मी तुझं ऐकते. उद्या म्हणशील तर उद्या इस्पितळात येते."

त्या बोलण्यात धमकी नव्हती. प्रेम होतं, आणि ते इतकं उघडं होतं की मार्थाला तिथून उठवेना. आपल्यासाठी रोज कुणीतरी रडतंय, आपण नरकात जाऊ नये म्हणून, हे कळल्यावर राग धरता येत नाही. तरी तिला आतून दुखलंच. इतक्या वर्षांची सेवा, आणि तरीही समोरच्याच्या लेखी आपण अपुऱ्या. ताईंचा डबा उम्म सालिमच्या हाती पडला असता तर तिलाही असंच वाटलं असतं, फक्त समोर बसून उलटं बोलायला तिला कुणी माणूसही मिळालं नसतं.

स्वयंपाकघरात बद्रियानं तिला गाठलं. तिनं दाराआडून ऐकलं होतं. डोळे भरलेले. "त्या कुणाचं ऐकत नाहीत. पण तू एकदा म्हणालीस तर शब्द मोडणार नाहीत. नुसतं तोंडानं म्हण ना. मनातलं देव बघतोच. एका पायासाठी म्हण."

रात्री ताईंचा फोन आला. मार्थानं त्यांना पायाचं सांगितलं, कारण कुणाला तरी सांगणं भाग होतं. ताई क्षणभर थांबल्या, मग म्हणाल्या, "दुखण्यात माणूस मऊ होतं गं. प्रभूनंच ही वेळ आणली असेल. पट्टी करताना हळूच विषय काढ. त्यांना आत्ता तुझी गरज आहे."

दोघींचंही प्रेम खरं होतं. एकीला म्हातारीचा पाय वाचवायचा होता, दुसरीला तिचा आत्मा. आणि दोघीही तिला एकच सांगत होत्या, की या जखमेवर काहीतरी पदरात पाडून घे. मार्था रात्रभर जागी होती. एका पायासाठी दोन वाक्यं म्हणायची, एवढंच ना? देव बघतोच. पण देव बघतो म्हणूनच तर ते जमण्यासारखं नव्हतं. आणि उम्म सालिम? तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी आनंदाची बातमी खोटी निघाली असती. जी बाई नमाजात रडून मागते तिला नकली उत्तर देणं हा तिच्या प्रार्थनेचाच अपमान होता. स्वतःच्या श्रद्धेशी प्रामाणिक राहावं हे आपण सगळेच म्हणतो. दुसऱ्याच्या श्रद्धेशीही प्रामाणिक राहावं लागतं, हे मार्थाला त्या रात्री उमगलं, आणि मला या गोष्टीतली हीच जागा सगळ्यात मोठी वाटते.

पहिला दिवस गडबडीत गेला. पहाटे नमाज, नवा दिशदाशा झगा, लहानांना ईदी, गोश्त आणि भात एकजीव घोटलेली अरसिया, बोकडाची कुर्बानी, गरिबांचा वाटा आधी बाजूला. मार्थाला ड्यूटी होती. येताजाता तिनं दोनदा पट्टी बदलली आणि पायाला ताप चढलाय का ते पाहिलं. अवाक्षर बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी शुवा, म्हणजे निखाऱ्यात शिजवायचं मांस, पुरायचं काम. याची तयारी बघण्यासारखी असते. लसूण, धने, जिरे, मिरी, लवंग, दालचिनी, वेलदोडा, लाल मिरची, सगळं वाटून सिरक्यात कालवायचं आणि मांसाच्या मोठ्या तुकड्यांना चोळचोळ चोळायचं, अगदी हाडापर्यंत. मग केळीच्या पानांत गुंडाळून खजुरीच्या पात्यांनी विणलेल्या पिशवीत शिवायचं. गल्लीत सगळ्यांचा मिळून एक खोल खड्डा असतो, आतून दगडांनी बांधलेला. त्यात लाकडं जाळून निखारे करतात, घराघरातून पिशव्या येतात, एकदम आत टाकतात, वर पत्रा आणि पत्र्यावर ओली माती लिंपतात, धुराची रेघही बाहेर पडू नये अशी. आपली पिशवी दुसऱ्या दिवशी ओळखू यावी म्हणून जो तो तिला तारेची किंवा पत्र्याची खूण बांधतो. सालिमच्या पिशवीची तार मार्थानं वळली, टाके घालताना गाठ मारतात तशी. सालिम हसून म्हणाला, "ही गाठ निखाऱ्यातही सुटायची नाही."

तिसऱ्या दिवशी खड्डा उघडला. बायकांच्या खोलीत जमिनीवर चटई, मधे एकच मोठं ताट, खाली भात, वर शुवा. बोट लावलं की हाडापासून सुटावं असं मांस. उम्म सालिमनं मार्थाला आपल्या उजवीकडे बसवलं. बद्रियाच्या माहेरच्या बायकाही होत्या. जेवता जेवता रहमा शाळेत ऐकलेली इब्राहिमांची गोष्ट सांगू लागली: स्वप्न, मुलाची तयारी, मानेवर सुरी, आणि ऐन वेळी देवानं पाठवलेला एडका. सांगून झाल्यावर उम्म सालिम मार्थाकडे वळली.

"तुमच्या पुस्तकात ही गोष्ट आहे का?"

हो, हीच आहे, असं म्हणून सुटता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. बायका खूश झाल्या असत्या, ताटावरचं बोलणं पुढे सरकलं असतं. पण मार्थाला पेत्राच्या पहिल्या पत्रातला उपदेश ठाऊक होता, की आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला सदा तयार असावं, आणि ते सौम्यपणे व आदरानं द्यावं. इथे विचारलं होतं. चोरून काही सरकवायचं नव्हतं आणि विचारलेलं गिळायचंही नव्हतं.

"आहे, खाला. पण थोडी वेगळी आहे. सगळी सांगू?"

"सांग."

"आमच्या पुस्तकात, उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायात, तो मुलगा इसहाक."

"इस्माईल!" रहमा ताडकन म्हणाली. "चुकीचं आहे ते!"

"पाहुणी बोलतेय," म्हातारीनं तिला दटावलं. "तिचं संपू दे. तुझ्या बापाला विचार, कुराणात त्या जागी मुलाचं नावच नाही. आपण इस्माईल म्हणतो, तो आपला विश्वास. बोल बेटी."

मार्थानं सांगितलं. तिची अरबी तुटकी होती, म्हणून वाक्यं लहान आली, आणि बहुधा म्हणूनच स्पष्ट आली. मोरिया डोंगर. तीन दिवसांची वाट. मुलाच्या खांद्यावर लाकडं. मुलगा विचारतो, बाबा, विस्तव आहे, लाकडं आहेत, कोकरू कुठे आहे? आणि बाप म्हणतो, देव स्वतःच बघून देईल. "इथपर्यंत तुमचं-आमचं जवळजवळ सारखं आहे. देवानं बापाचा हात धरला. कुणाचं लेकरू त्याला नको होतं. पुढचं तुम्ही मानत नाही, तरी विचारलंत म्हणून सांगते. आम्ही मानतो की पुढे एका दिवशी देवानं स्वतःचं कोकरू दिलं. येशू. त्या वेळी त्यानं स्वतःचा हात आवरला नाही. इब्राहिमांना जे करू दिलं नाही ते त्यानं स्वतः सोसलं, आमच्यासाठी. माझी सगळी आशा त्यावर आहे. रात्रपाळीला एखादं पोर हातात मरतं, तेव्हा मी त्याचाच आधार धरते."

ताटावरचे हात थांबले होते.

"अल्लाहला मुलगा नाही," उम्म सालिम सावकाश म्हणाली. "आणि ईसा अलैहिस्सलाम सुळावर मेले नाहीत. अल्लाहनं त्यांना वर उचलून घेतलं."

"तुम्ही असं मानता हे मला ठाऊक आहे, खाला."

"ठाऊक असून सांगितलंस. माझ्याच घरात, ईदच्या ताटावर."

"तुम्ही मनापासून विचारलंत. तुम्हाला गोड लागेल तेवढंच सांगितलं असतं तर ती फसवणूक झाली असती. मी तुमचं मीठ खाते."

"आणि आपलं ठरलेलं? तू माझं ऐक, मी तुझं ऐकते?"

बद्रियानं मान खाली घातली. मार्थानं हात पुसले. "ते मला नको, खाला. पायाचं मी तुम्हाला असंच सांगते, देवाचं तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. दोन्ही एकत्र बांधू नका. मी शहादा म्हटल्यानं पाय बरा होणार नाही, आणि तुम्ही माझं ऐकलं नाहीत तरी उद्या सकाळी मी पट्टी करायला येणारच. तुम्ही माझ्यासाठी नमाजात मागता, ते मागत राहा. मीही तुमच्यासाठी मागते. फक्त सौदा नको."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग उम्म सालिमनं हाडाजवळचा सगळ्यात मऊ तुकडा निवडला आणि मार्थाच्या पुढ्यात ठेवला. ओमानी घरात यजमानीण असं करते तेव्हा पाहुण्यानं खायचं असतं. मार्थानं खाल्लं.

"मी लहान असताना," म्हातारी बोलू लागली, पण ती मार्थापेक्षा नातीलाच सांगत होती, "माझे डोळे जात होते. बापानं मला मतरहला नेलं, अमेरिकन लोकांच्या दवाखान्यात. किती दिवस लागले होते वाटेत." तो काळ 1970 च्या आधीचा. सगळ्या ओमानात डांबरी रस्ता जेमतेम 10 किलोमीटरचा. मतरहचं मिशन इस्पितळ देशातल्या मोजक्या दवाखान्यांपैकी एक. शॅरन थॉम्स नावाचे डॉक्टर तिथे काम करता करता 1913 मध्ये अपघातात गेले, आणि त्यांचा मुलगा वेल्स थॉम्स डॉक्टर होऊन 1939 मध्ये बापाच्याच जागी परत आला, तो 1970 पर्यंत राहिला. त्या सगळ्या वर्षांत ख्रिस्ती झालेले ओमानी अगदी थोडे. दृष्टी परत मिळालेले मात्र अगणित. कुणी त्या कामाला अपयश म्हणेल, तर माणसाच्या डोळ्याची किंमत त्याला कळली नाही असंच मी म्हणेन. म्हातारी पुढे सांगू लागली, "डॉक्टरनं सुरी घेण्याआधी डोळे मिटले आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं. माझा बाप घाबरला. काय म्हणतोस म्हणून त्यानं विचारलं. डॉक्टर म्हणाला, देवाकडे या मुलीसाठी मागतोय. बापानं विचारलं, पैसे किती, आणि आम्हाला काय म्हणावं लागेल? डॉक्टर म्हणाला, काही नाही. पैसे असतील तेवढे द्या, म्हणायचं काहीच नाही."

तिनं डावा पाय झग्यातून बाहेर काढला आणि सगळ्या बायकांसमोर मोजा ओढून काढला. बद्रियाच्या आईनं तोंडावर पदर घेतला.

"सालिमला हाक मार," उम्म सालिम सुनेला म्हणाली. "ईदच्या ताटावर बसून जी मला न आवडणारं खरं सांगते, ती पायाबद्दल खोटं कशाला सांगेल? बेटी, कधी जायचं?"

"आत्ता."

दोन बोटं गेली. पाय राहिला. सर्जन म्हणाले, आणखी आठवडा गेला असता तर घोट्यावर आलं असतं. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी उम्म सालिमनं मार्थाचा हात धरून ठेवला आणि म्हणाली, "त्या डॉक्टरसारखं तूही म्हण. तुझ्या भाषेत म्हण, म्हणजे अडखळणार नाहीस." मार्थानं मराठीत प्रार्थना केली. खालावर दया कर, सर्जनचे हात स्थिर ठेव, एवढंच मागितलं. ते संपल्यावर उम्म सालिमनं फातिहा म्हटली, आणि मार्था मान लववून तिच्याजवळ उभी राहिली. दोघींनी एकमेकींच्या शब्दांना आमीन म्हटलं नाही. पण एकीचं पूर्ण होईपर्यंत दुसरी थांबली.

ताईंना मार्थानं सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्या खूप वेळ ऐकत राहिल्या. "म्हणजे त्या बदलल्या नाहीत," त्या म्हणाल्या. "नाही," मार्था म्हणाली, "पण मी काय मानते हे आता त्या घरात प्रत्येकाला माहीत आहे, आणि ते माझ्या तोंडून कळलंय." पुढच्या ईदला ताईंनी डबे नुसत्या मिठाईचे केले आणि वर आपलं नाव लिहिलं.

उम्म सालिम मार्थाला शहादा म्हणायला सांगायची थांबली नाही. काठी टेकत अंगणात आली की आठवड्यातून एकदा तरी विचारायचीच. मार्था हसून नाही म्हणायची, आणि मग सुई टोचायची.

पाऊस झाला की वादी, म्हणजे एरवी कोरड्या असलेल्या ओढ्यांना, पूर येतो आणि रस्ते बंद पडतात. अशाच एका शुक्रवारी पहाटे बस आली नाही. मार्था थांब्यावरून परत आली तर सालिम गाडी सुरू करून उभा होता. आईचा हुकूम होता, हिची प्रार्थना चुकता कामा नये. मागच्या सीटवर रहमा वही घेऊन बसली होती.

गाडी मस्कतच्या रस्त्याला लागल्यावर रहमा पुढे वाकली. "त्या दिवशी मी तुम्हाला मधेच तोडलं. ती इसहाकची गोष्ट पुन्हा सांगाल? मला नीट लिहून घ्यायची आहे."

मार्थानं सालिमकडे पाहिलं. मुलगी त्याची होती, आणि परवानगीही त्याचीच हवी होती. सालिम थोडा विचार करून म्हणाला, "पुस्तकवाल्यांशी बोलायचं तर चांगल्या रीतीनंच बोलावं असं आम्हाला शिकवलंय. सांगा. नंतर मी आमचं सांगतो."

"नाही," मार्था म्हणाली, "आधी तुमचं सांगा. मला अजून कुणी ते पूर्ण सांगितलेलं नाही."

सालिमनं घसा साफ केला आणि वर्गात सांगतो तसं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.